दुनळीला चाप एक बरा की दोन?

नवा_नेमबाज
मंडळी, दोन वर्षं क्ले टार्गेट (हवेत उडवलेल्या बश्या) मारतोय. आतापर्यंत हातात आल्या त्या सगळ्या बंदुका वर-खाली नळ्यांच्या आणि एकचापी. चाप ओढला की खालची नळी, परत ओढला की वरची. बोट जागचं हलत नाही.

आता मामांची जुनी बारा बोअर माझ्याकडे येतेय. नळ्या शेजारी-शेजारी, दस्ता (खांद्याला टेकवतो तो मागचा भाग) सरळ आणि चाप दोन. (कागदपत्रं रीतसर झाली आहेत, त्यावर चर्चा नको.) मामांचं मत, "एक चाप म्हणजे पोरखेळ." सोबतचे नेमबाज म्हणतात, दोन चाप ही नुसती हौस, बदलून एक करून घे. मी मध्ये लटकलोय. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा, खरंच काही फरक पडतो का, की ही नुसती सवयीची भांडणं आहेत?

बारा_बोअर
मामांना माझा नमस्कार सांगा. माणूस जाणकार आहे.

दुनळीत दोन नळ्या असण्याचं कारण फक्त दोन काडतुसं मावावीत एवढंच नाही. दोन नळ्यांचे चोक वेगळे असतात. शेजारी-शेजारी बंदुकीत साधारणपणे पुढचा चाप उजव्या नळीचा, तिचा चोक मोकळा. मागचा चाप डाव्या नळीचा, तिचा आवळ. लक्ष्य जवळ असेल तर पुढचा ओढा, लांब असेल तर मागचा. लक्ष्य दिसल्यापासून बार उडेपर्यंतच्या त्या अर्ध्या सेकंदात निवड होते, आणि ती बोट करतं. एकचापीवाल्यांनी हे निवडक खटका (आधी कुठली नळी उडवायची ते ठरवणारं बटण) सरकवून करून दाखवावं. अंगठा खटक्यापर्यंत पोचेस्तोवर बशी जमिनीवर.

चष्मिष्ट
वाचतेय. बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, पण चोक म्हणजे काय? आमच्याकडे नळ चोकअप होतो तेवढंच माहीत.

बारा_बोअर
@चष्मिष्ट, फार लांब नाही गेलात. नळीच्या तोंडाशी शेवटचे काही सेंटिमीटर आतून किंचित अरुंद केलेले असतात, तो चोक. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर, आणि फुल चोक म्हणजे तोंडाशी जेमतेम १ मिलिमीटरचा आवळ. एवढ्याने छर्ऱ्यांचा पसारा बदलतो. मोजायची जुनी पद्धत अशी: ४० यार्डांवर ३० इंच व्यासाचं वर्तुळ, त्यात किती टक्के छर्रे पडले ते बघायचं. फुल चोकला सुमारे ७०, त्याहून मोकळ्या मॉडिफाइडला ६०, आणखी मोकळ्या इम्प्रूव्हड सिलिंडरला ५०, आणि चोकच नसेल तर ४०. काडतूस बदललं की आकडे थोडे हलतात, पण अंदाज येतो.

चष्मिष्ट
म्हणजे बागेच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा धरतो तसं. समजलं. चालू द्या.

लोलक
बारा_बोअर यांच्याशी अर्धा सहमत. चोकची निवड पटकन होते हे खरं. पण धागाकर्ता क्ले मारतोय हो!

ट्रॅप या खेळप्रकाराचं बघा. बशी नेहमी तुमच्यापासून लांब जाते. पहिला बार जवळ, दुसरा लांब, हा क्रम कधीच उलटा होत नाही. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये पात्रता फेरीत एका बशीला दोन बार मिळतात, बशी ताशी १०० किलोमीटरच्या पुढे आणि ७६ मीटर लांब पडेल अशी सोडलेली. पहिला चुकला तर दुसरा अजून लांबवर. म्हणून खालच्या नळीला जरा मोकळा चोक, वरच्या नळीला आवळ, आणि काम संपलं. निवडायचंय काय त्यात? स्कीट या दुसऱ्या प्रकारात तर दोन्ही नळ्यांना एकसारखाच मोकळा चोक. तिथे दोन चाप म्हणजे एकाच खोलीला दोन दारं.

माझ्या बंदुकीला निवडक खटकाच नाही आणि मला तो नकोच आहे. एकदा उसनी घेतलेली बंदूक मारत होतो, तिचा खटका सेफ्टीतच (चुकून बार उडू नये म्हणून असलेल्या बटणात) बसवलेला. सरकवताना तो मधेच अडकला. बशी आली, चाप ओढला, काही नाही. बशी गेली. अख्ख्या मैदानभर माझा चेहरा बघत होते लोक.

ठासणी
थोडा इतिहास, कारण सगळे समजतात एक चाप ही हल्लीची गोष्ट.

तसं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंदूक बनवणारे एका चापासाठी जीव टाकत होते. पण एक विचित्र अडचण यायची: एकदा चाप ओढला की दोन्ही नळ्या उडायच्या. आधी वाटलं यंत्रात खोट आहे. खोट माणसात होती. बार उडाला की बंदूक मागे जाते, बोट जागेवर राहतं, म्हणजे चाप आपोआप सुटतो. मग खांद्यावर आदळून बंदूक किंचित पुढे येते आणि चाप पुन्हा बोटावर येऊन दाबला जातो. हे इतक्या झटक्यात होतं की मारणाऱ्याला आपण दोनदा ओढलं याचा पत्ताच नसतो. शपथेवर सांगेल, एकदाच ओढला म्हणून.

लंडनच्या बॉस कंपनीच्या जॉन रॉबर्टसनने १८९४ साली यावर पेटंट घेतलं. त्याची यंत्रणा तीन ओढींची: पहिल्या ओढीला पहिला बार, नकळत होणारी दुसरी ओढ यंत्रात फुकट जिरवायची, तिसरीला दुसरा बार. मारणाऱ्याच्या लेखी मात्र ओढी दोनच. मला हा माणूस फार आवडतो. नेमबाजाला "तू खोटं बोलतोयस" म्हणण्याऐवजी त्याच्या खोट्याची सोय लावून दिली.

शुद्धलेखक
धाग्यात एक गोंधळ सुरू व्हायच्या आत थांबवतो. बोटाने ओढतात तो चाप. काडतुसाच्या बुडावर जाऊन आपटतो तो घोडा. "घोडा दाबला" असं कथा-कादंबऱ्यांत सर्रास येतं ते ढिसाळ आहे. जुन्या बंदुकांचे घोडे बाहेर दिसत आणि अंगठ्याने मागे ओढून चढवावे लागत. हल्ली ते आत असतात, दिसत नाहीत, म्हणून नाव चापाला चिकटलं असावं.

बंडोपंत
घोडा दाबला की घोड्याला राग येतो. हलके घ्या.

लोलक
आणि खटका? मी वर सेफ्टीतल्या निवडकाला खटका म्हणालोय, आमच्यात चापालाही खटका म्हणतात.

शुद्धलेखक
खटका सगळ्यालाच म्हणतात. दिव्याच्या बटणालाही. त्यात मी पडत नाही.

कारागीर
उशिरा आलो. बंदुका दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

ठासणी यांनी सांगितलं ते बरोबर. त्या नकळत ओढीचं उत्तर आज दोन तऱ्हांनी देतात. पहिली तऱ्हा जडत्वाची. चापाच्या जोडणीला आत एक छोटं वजन लटकवलेलं असतं. पहिला बार उडाला की बंदूक धक्क्याने मागे येते, वजन मात्र तिथेच रेंगाळतं. त्या फरकाने जोडणी पहिल्या घोड्याच्या सिअरपासून सुटते. (घोडा चढलेल्या अवस्थेत अडवून धरणारा दात म्हणजे सिअर.) धक्का ओसरला की ती दुसऱ्या घोड्याच्या सिअरखाली जाऊन बसते. नकळत ओढ होते तेव्हा जोडणी अधांतरी असते, त्यामुळे ती ओढ हवेत जाते. फार हुशारीचं काम आहे. पण मेख अशी की सगळा कारभार धक्क्यावर. पहिलं काडतूस फुसकं निघालं तर धक्का नाही, धक्का नाही तर जोडणी सरकत नाही, आणि भरलेली दुसरी नळी हातात असून बंदूक मुकी. अगदी हलकी काडतुसं वापरली किंवा दस्ता खांद्याला नीट टेकला नसला तरी कधीकधी हेच होतं.

दुसरी तऱ्हा यांत्रिक. तिथे जोडणी चाप सुटल्यावर सरकते, धक्का लागत नाही. फुसका बार निघाला तरी परत ओढा, दुसरी नळी उडेल. नकळत ओढीचा बंदोबस्त मात्र तिथे वेगळा करावा लागतो आणि ते जुळवणं किचकट.

आपली बंदूक कुठल्या जातीची हे बघायचं असेल तर: बंदूक रिकामी आहे ना, दोनदा बघा. तिसऱ्यांदाही बघा. दोन्ही नळ्यांत स्प्रिंगची नकली काडतुसं घाला, नळी सुरक्षित दिशेला. चाप ओढा, टक् वाजेल. सोडून परत ओढा. दुसरी टक् आली तर यांत्रिक. नाही आली तर दस्त्याचं बूड रबरी तळव्याच्या बुटावर हलकं आपटा आणि पुन्हा ओढा. आता आली तर जडत्वाची.

दोन चापांच्या बंदुकीत यातलं काहीच नाही. एक चाप, एक सिअर, एक घोडा, आणि शेजारी तसाच दुसरा संच. दोन स्वतंत्र बंदुका एका दस्त्याला जोडल्यात असं समजा. एक बाजू मोडली तरी दुसरी चालते. मोठ्या जनावरांसाठीच्या जुन्या दुनळी रायफलींना दोन चाप असत ते याचसाठी. समोरून रानरेडा येत असताना बूड बुटावर आपटत बसायला कोणाला वेळ आहे?

आता मूळ प्रश्न. नवा_नेमबाज, दोनाचा एक करून घेऊ नका. चापाखालची पट्टी कापावी लागते, दस्ता आतून कोरावा लागतो, आणि इतकं करून ती यंत्रणा दोन बार एकदम उडवणार नाही याची हमी देणारे हात फार थोडे. माझ्याकडे अशी "बदलून घेतलेली" बंदूक आली होती, दुसऱ्या कोणीतरी केलेली. तिसऱ्या काडतुसालाच दोन्ही नळ्या एकदम. मालकाचा खांदा आठवडाभर निळा होता. नशीब म्हणायचं, नळी आभाळाकडे होती.

रानफूल
रानरेडा, पक्षी, जनावरं... या धाग्यावर शिकारीचा उदोउदो चाललाय का?

लोलक
@रानफूल, आम्ही मातीच्या बश्या फोडतो. खरं तर चुनखडी आणि डांबराच्या. इंग्रजीत त्यांना कबुतर म्हणायची पद्धत पडली, कारण हा खेळ एके काळी जिवंत कबुतरांवर चाले. १९०० साली पॅरिसला ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरं मारण्याची स्पर्धा झाली होती. ते बंद झालं हे चांगलंच झालं, यात दुमत नाही.

रानफूल
ठीक. बश्या फोडा.

डावखुरी
सगळे उजवे बोलताहेत म्हणून मी. डावऱ्या माणसाला दोन चापांची बंदूक म्हणजे उलटा सदरा. चाप थोडे एका बाजूला वळवलेले असतात, उजव्या बोटाला कड लागू नये म्हणून. डाव्या बोटाला नेमकी तीच कड लागते. डावऱ्यांसाठी मुद्दाम घडवलेली असेल तर पुढचा चाप डाव्या नळीचा ठेवतात, पण तशी जुनी बंदूक मिळणं कठीण. एकच, मधोमध असलेला सरळ चाप मला देवासारखा वाटतो. हातमोजे घालणाऱ्यांनाही विचारा. जाड मोजा आणि कड्यात (चापांभोवतीच्या धातूच्या वळशात) दोन चाप, म्हणजे बोट कुठे आहे ते बोटालाच कळत नाही.

बारा_बोअर
हातमोज्यांचा मुद्दा मान्य. पण लोलक, तुमच्या ट्रॅपमध्ये क्रम उलटत नाही म्हणून सगळीकडे उलटत नाही असं थोडंच आहे? स्पोर्टिंग या प्रकारात बशी अंगावरही येते. तेव्हा पहिला बार लांबवर मारायचा असतो आणि दुसरा जवळ. म्हणजे आधी आवळ नळी, मग मोकळी. दोन चापांवर आधी मागचा, मग पुढचा. झालं.

लोलक
"झालं" म्हणे! मागून पुढे बोट आणून बघा. मागच्या चापावरून निघायचं, पुढच्या चापाला वळसा घालून त्याच्या पुढे जायचं, मग ओढायचं. पुढून मागे घसरणं सोपं, उलट जाणं म्हणजे गर्दीत बसच्या पुढच्या दाराने चढून मागे जाऊन परत पुढे येणं.

बारा_बोअर
सरावाने जमतं. आणि बोट न्यायचं नसतं, हात न्यायचा असतो. दस्ता सरळ का असतो असं वाटतं? पिस्तुलासारख्या वळणदार मुठीत हात जखडतो. सरळ मुठीवर सगळा पंजा बोटभर पुढेमागे सरकतो. दोन चाप आणि सरळ दस्ता ही जोडी म्हणूनच आहे. वळणदार मूठ आणि दोन चाप ज्याने एकत्र केले त्याने मारून बघितलं नसावं.

ठासणी
या भांडणात मधला मार्गही निघाला होता. अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगची वर-खाली नळ्यांची सुपरपोज्ड. ब्राउनिंग १९२६ साली बेल्जियममध्ये कारखान्यातच वारला, बंदूक बाजारात आली १९३१ला, आणि सुरुवातीला तिला दोन चापच होते. मग एक प्रकार निघाला, चाप दोन पण प्रत्येक चाप दोन्ही नळ्या उडवू शकणारा. पुढचा दोनदा ओढा, खालची आणि मग वरची. मागचा दोनदा ओढा, वरची आणि मग खालची. पुढे मुलगा व्हॅल ब्राउनिंग याने एक निवडक चाप बसवला आणि लोक तिकडेच गेले.

बंडोपंत
म्हणजे दोन चाप, चार शक्यता. हा मधला मार्ग नव्हे, चौक आहे.

लोलक
एकचापीच्या बाजूने अजून एक, मग गप्प बसतो. पेराझी या इटालियन कंपनीच्या एमएक्स८ बंदुकीचा सगळा चापसंच एका हिसक्यात खाली काढता येतो. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ट्रॅपचं सुवर्ण जिंकणाऱ्या एन्निओ मात्तारेल्लीचा ती घडवण्यात हात होता. स्पर्धेत स्प्रिंग तुटली तर खिशातला दुसरा संच ठोकायचा आणि पुढची बशी मागायची. कारागीरदादांचा "एक मोडला तर दुसरा चालतो" हा मुद्दा तिथे निकाली निघतो.

कारागीर
निकाली निघतो, पण खिशात दुसरा संच ठेवण्याइतका खिसा जड असेल तर. बाकी बंदूक उत्तम, वादच नाही.

नवा_नेमबाज
इतकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. बंदूक आली. आज पहिल्यांदा मैदानावर नेली.

२५ बश्या. पहिले बार बरे गेले, वाटलं होतं त्यापेक्षा बंदूक हलकी आणि चपळ. घोळ दुसऱ्या बाराचा. पहिला चुकला की मी पुढचाच चाप परत ओढतोय! सहा वेळा झालं. बोट जुन्या घराच्या दारात जाऊन कडी वाजवत उभं राहावं तसं. सातव्यांदा आठवणीने मागचा ओढला तर बार उडाला, पण पुढच्या चापाने बोटाच्या पाठीला असा टोला दिला की अजून दुखतंय. हे नेहमीचंच असतं का?

आणि लोलक, तुमच्या बाजूचं एक: मैदानावरच्या एकचापीवर परत गेलो तेव्हा बोट आपोआप मागे गेलं आणि कड्यावर आपटलं. दोन्हीकडचं बिघडलं.

कारागीर
पुढचा चाप बोटाने हलकेच पुढच्या बाजूला ढकलून बघा. (रिकामी बंदूक!) चांगल्या दुनळ्यांचा पुढचा चाप बिजागरीवर असतो, पुढे झुकतो, म्हणजे मागचा ओढताना बोटाला लागत नाही. झुकत नसेल तर एकतर बिजागरी नाही, नाहीतर जुनं तेल गोंदासारखं सुकून बसलंय. दुसरं असेल अशी माझी पैज.

दस्त्याची लांबीही बघा. ती पुढच्या चापापासून मोजतात आणि मागचा चाप त्याच्यापेक्षा साधारण इंचभर मागे. दस्ता तुम्हाला आखूड असेल तर मागच्या चापाला बोट अवघडणार आणि कड्याची मागची कड मधल्या बोटावर बसणार.

बारा_बोअर
आणि घरी रोज दहा मिनिटं नकली काडतुसं घालून पुढचा-मागचा, पुढचा-मागचा. भिंतीवरच्या रेषेवर नळी फिरवत. महिनाभराने बोट विचारणार नाही. एक मात्र कटाक्षाने: एकच बोट. दोन चाप आहेत म्हणून दोन बोटं आत घालणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही.

डावखुरी
फुसका बार निघाला तर सवयीने लगेच मागचा ओढू नका हेही त्यात घाला. कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. नळी समोर सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मग उघडायची. दोन चापांवर हा मोह जास्त होतो, कारण दुसरा बार तयारच असतो.

चष्मिष्ट
मला एक शंका. चाप ओढल्यावर बार उडण्याऐवजी सोडल्यावर उडणारी बंदूक असते असं कुठेतरी वाचलं. थाप आहे ना?

लोलक
थाप नाही. ट्रॅपमधले काही जुने खेळाडू वापरतात. वर्षानुवर्षं हजारो बार मारून ऐन क्षणी बोट ओढायलाच तयार होत नाही, अंग दचकतं. त्यावर उपाय म्हणून चाप आधीच ओढून धरायचा, बशी दिसली की सोडायचा. सोडताना दचक येत नाही म्हणतात. पण अशी बंदूक अनोळखी हातात देऊ नये, आणि तिच्यावर ठळक सूचना चिकटवलेली हवी.

बंडोपंत
आमच्या साहेबांच्या रागाला हीच यंत्रणा आहे. धरून ठेवतात, आणि आपण सुटलो असं वाटलं की उडतो.

नवा_नेमबाज
कारागीरदादा, पैज जिंकलात. बिजागरी होती, तेल सुकून अंबरासारखं झालं होतं. साफ केल्यावर चाप झुलायला लागला. काल परत २५ मारल्या, बोट शाबूत. चुकीचा चाप दोनदाच.

तूर्त ठरवलंय असं: दुनळीचे चाप जसे आहेत तसेच राहतील, कापाकापी नाही. स्पर्धेचा महिना असेल तेव्हा तिला हात लावायचा नाही, फक्त एकचापी. एरवी दुनळी. दोन्ही एकाच दिवशी मात्र मारणार नाही.

मामांना फोन करून हे सगळं सांगितलं. चोक, बिजागरी, रॉबर्टसन, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहिल्या बारात बशी फोडायला शीक, मागचा चाप आपोआप सुटेल."

लोलक
मामा एकचापी निघाले की हो!

कारागीर
मागच्या चापाचा ताण एकदा मोजून घ्या. पुढचा साधारण पावणेदोन किलो, मागचा त्याहून पाव किलोने जड असला तर ठीक. जुन्या बंदुकीत झिजून हलका झालेला असू शकतो, आणि मग पहिल्या बाराच्या हादऱ्याने तो आपणच सुटतो. मोजून आकडा इथे टाका.